वास नाही

(सकाळ. स्वयंपाकघर.)

बायको : ...आणि तुम्ही शेजारीच बसलेले! पातेलं काळंठिक्कर पडलं तरी पेपरातून डोकं वर नाही.

नवरा : अगं, शब्दकोडं अडलं होतं.

बायको : आणि नाक कुठे अडलं होतं? थांबा. डोळे मिटा. हे काय आहे, सांगा.

नवरा : सकाळी सकाळी काय पोरखेळ!... साबण?

बायको : ठेचलेला लसूण आहे. नाकाला टेकवलाय तुमच्या.

नवरा : सर्दी असेल.

बायको : कधीपासूनची?

नवरा : धाकटीच्या लग्नात तू अत्तर लावलं होतंस ना...

बायको : अहो, चार वर्षं झाली! मला सांगायचं नाही?

नवरा : त्यात काय सांगायचं? तीस वर्षं मोटारी रंगवल्या. रंगखात्यात सगळ्यांचंच नाक जातं. म्हणून तर आता हलकं काम दिलंय.

बायको : कारखान्याच्या भिंतीकडेनं रोज फिरायचं, वास येतो का बघायचं. हेच ना ते? आणि वहीत काय लिहिता?

नवरा : ...वास नाही.

बायको : अरे देवा.

नवरा : मला आला नाही, तेच लिहिलं गं. खोटं नाही लिहिलं.

बायको : भिंतीपलीकडे आपली थोरली राहते. नात खोकून खोकून बेजार झालीय. थिनरचा वास येतो म्हणून तक्रार केली, तर कंपनीनं तुमची वही दाखवली तिला. आणि तुम्ही म्हणालात, भास होतोय.

नवरा : मला खरंच तसं वाटलं.

बायको : ठाऊक आहे मला. पण तुम्हालाच का नेमलं त्यांनी?

नवरा : साहेबांनी विचारलं, रंगखात्यात किती वर्षं? तीस म्हटल्यावर खूश झाले. मला वाटलं, अनुभवाचा मान ठेवला... आज खरं लिहिलं तर घरी बसवतील.

बायको : बसा की. मी काय चावते?

नवरा : आणि पोरीला कुठल्या तोंडानं भेटू?

बायको : ह्याच. आधी वहीत लिहा, साहेबांना सांगा. मग दोघं जाऊ तिच्याकडे. मी आहे ना.

नवरा : एक विचारू? माझ्या कपड्यांना यायचा का तो वास?

बायको : यायचा की. लग्न झाल्यापासून.

नवरा : कधी बोलली नाहीस.

बायको : तुम्ही परगावी गेलात की तुमचा शर्ट उशाशी घेऊन झोपायचे मी. मला वाटायचं, तो वास तुमचाच आहे.