इमर्जन्सीचा नंबर

दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टसाठी रांग होती. माझ्यापुढे एक लिफ्ट मेकॅनिक, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि सोबत त्याची थोरली बहीण.

"डॉक्टर पाचव्या मजल्यावर आहेत. जिन्याने जाऊ या का?"

"ताई, वीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोय मी. कुणी बघितलं तर धंदा बसेल."

"या महिन्यात कितव्यांदा झालं?"

"चौथ्यांदा. परवा तर ह्याच लिफ्टमध्ये. लिफ्ट झकास चालत होती, बिघाड माझ्यातच. छाती धडधडायला लागली, हातपाय गार. वाटलं, संपलं आता. दाबलं इमर्जन्सीचं बटण."

"मग?"

"माझ्याच खिशातला फोन वाजला. इथला इमर्जन्सीचा नंबर माझाच आहे."

"कर्म माझं. मग काय केलंस?"

"उचलला. सवयीने म्हणालो, घाबरू नका, सावकाश श्वास सोडा, माणूस निघालाय."

"बरं वाटलं?"

"थोडं. बोलणारा भरवशाचा वाटला. पण माणूस काही आला नाही."

लिफ्ट आली. दार उघडलं. तो जागचा हलेना.

"आत परत तसं झालं तर काय करायचं रे?"

"तू बटण दाब, ताई. मी उचलतो."