भिंतीचा घास

आता हे मी परत सांगायचं? सुनेला सांगितलं, पोराला सांगितलं, डॉक्टरनं उलटसुलट विचारलं त्याला सांगितलं — आणि आता तुम्ही पुण्याहून विमानात बसून आलासा तर तुमच्यापुढंही सांगायचं? कीर्तन आहे व्हय हे, रोज लावायला? आणि तुम्हाला काय सांगायचं व्याही, तुम्हाला तर — जाऊ द्या. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय, फरशीवाला तिच्यावर चढून छताला हात लावत होता. ह्या खोक्यावर बसा. नळ-तोट्या आहेत आत, काय होत नाही. चहात भुगा दिसला तर फुंकर मारा आणि प्या, ह्या घरात सध्या सगळ्यात भुगा असतो. मोठ्यानं बोलतोय? मग बोलणारच. सारा जन्म इचलकरंजीत मागाच्या खटखटीत गेला, ह्या डाव्या कानात आता मागच तेवढा ऐकू येतो. तुम्ही बँकेतली माणसं, काचेच्या आड बसून हळू बोलायची सवय तुम्हाला. मी तिसरीत शाळा सोडली, मला हळू बोलायला कुणी शिकवलं नाही.

तुम्ही कशापायी आलासा ते मला कळत नाही असं समजू नका. माळ्यावरनं माझी पेटी काल खाली आली. 'आबा, माळा पाडायचाय ना, मतलब सामान हलवायला नको का?' — असं आमचे मंगेशराव म्हणतात. माळ्यावर सुनेच्या बॅगा आहेत, पाळणा आहे, जुना कूलर आहे. ते सगळं तिथंच, खाली आली ती एकटी माझी पेटी. वरची धूळ पण पुसून ठेवलीय. पोटच्या पोराला बापाला 'जा' म्हणता येईना, म्हणून व्याही बोलावले. शिकलेले आहेत, गोड बोलतात, समजावतील म्हाताऱ्याला — असंच ना, दिनकरराव? मान हलवू नका. हो म्हणताय का नाही म्हणताय तेच कळत नाही मला.

तर ऐका. हे घर मंगेशनं इकडं परमुलखात जुनं घेतलं, सीतापुऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतली त्याची कंपनी जवळ पडते म्हणून. राहायला आल्यावर सूनबाईंना ह्याच्यात काहीच पटेना — ओटा पटेना, संडास पटेना, खिडक्या पटेनात. म्हटलं, मग घेतलं कशाला, उघडं मैदानच घ्यायचं. बोललो तर तोंड वाईट. ठेकेदार म्हणाला, दिवाळीपर्यंत उरकतो. कुठली दिवाळी ते त्यानं सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही. आता थंडी सरत आली. गॅस व्हरांड्यात, फ्रिज आमच्या उशाशी, एका खोलीत आम्ही चौघं, आणि त्या खोलीच्या दाराला प्लास्टिकचं एवढंसं फाटक — पोर बाहेर जाऊ नये म्हणून. पोर आत नि आम्ही बाहेर, का आम्ही आत नि पोर बाहेर, तेच समजेनासं झालं होतं. फाटक उघडं टाकलं की ओरडा, लावलं की अडखळून पडा. सून, निशिगंधा, लॅपटॉप घेऊन गच्चीच्या जिन्यात बसायची, कानात बोंडं घालून. फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की ती तिकडनं ओरडायची, मंगेश कंपनीतनं फोनवर ओरडायचा, आणि आपली नात मधी इकडं रडायची.

मधीच म्हणतो मी तिला. तुम्ही बारशाला मोठं नाव काढलंसा — मधुवंती. राग आहे म्हणे गाण्यातला. अहो, राग पोरीत आहेच, नावात कशाला आणखी! हसलासा. बरं झालं, कुणीतरी हसलं ह्या घरात.

तर पोर जेवेना. आवाजानं भ्यायची म्हणा, धुळीनं म्हणा — घास तोंडात घ्यायची, गालात धरून ठेवायची नि थू करायची. अंगावरची कापडं सैल व्हायला लागली तिची. सून रडकुंडीला आली. मग दुपारचं भरवायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे दिलं नाही कुणी, मीच घेतलं. ह्या घरात मला दुसरं काम काय होतं? हिंदी धड येत नाही, शेजारी कोण माहिती नाही, टीव्ही खोक्यात. पोरीला भरवणं — एवढंच माझं. तेवढं होतं म्हणून मी इथं होतो, नाहीतर पेटी कधीच खाली आली असती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता ही भिंत बघा. ही, समोरची. खालचा निम्मा भाग बघा कसा चकाकतोय — तुमचं तोंड दिसेल त्यात. वरचा निम्मा नुसता खरबरीत. आराइश म्हणतात हिला, इकडची जुनी चुन्याची रीत. तुमच्या लेकीनं कुठल्यातरी हवेलीत बघितली आणि हट्ट धरला, एक तरी भिंत तशी पाहिजे. त्यासाठी बगरू गावाकडनं तो कारागीर, छीतरमल, यायचा, डोक्याला पागोटं, माझ्याच वयाचा. त्याचा माठ असायचा इथं, अगदी इथं, तुमचा पाय आहे तिथं. माठात भिजवलेला चुना — पांढरा, मऊ, लोण्यावानी. आणि त्यात तो काय घालायचा? दही. खोटं नाही सांगत, खायचं दही. म्हटलं, आरं बाबा, भिंतीला दही कशापायी? तर म्हणाला, 'बाबूजी, दीवार भी खाती है, तभी तो चमकती है.' मला आवडलं ते. मधी माझ्या कडेवर होती. मी तिला म्हणालो, बघ, भिंत दही खाते. आता भिंतीनं एक घास खाल्ला, आता मधीनं एक. छीतरमलनं थापी मारली की म्हणायचं — खाल्ला भिंतीनं! आणि पोरीनं तोंड उघडलं, व्याही. एवढं मोठं. वाटीभर दहीभात गेला. बघत होती भिंतीकडं, नि खात होती.

मग रोज तसंच. हो, फाटकाच्या बाहेर आणायचो तिला. आणायची नव्हती, मला माहिती आहे. पण पोर जेवत होती ना? निशिगंधा मैत्रिणीला फोनवर सांगायची, आबांच्या हातनं कशी गुपचूप जेवते बघ. कशी जेवते, कुठं जेवते — आली का कधी बघायला? नाही आली. जेवते ना, मग झालं. तुम्ही मात्र बघितलंसा.

का? असं का बघताय? तुमचा फोन यायचा की त्याच वेळेला. तुमचं जेवण उरकायचं आणि तुम्ही नातीला बघायला फोन लावायचा. मी माझा फोन फरशीच्या खोक्याला टेकवून ठेवायचो. मधी तुम्हाला काय म्हणते? फोनआजोबा. तुम्ही तिकडनं टाळ्या वाजवायचा. 'खाल्ला का गं भिंतीनं? आणि आता कोण खाणार?' — आवाज काढून म्हणायचा. मला बरं वाटायचं. म्हटलं, एवढा मोठा मॅनेजर, पण पोरापुढं पोर होतो. सुनेला ह्यातलं काही सांगायचं नाही, असं आपलं दोघांचं न बोलता ठरलं होतं. व्हय का नाही? चष्मा पुसून झाला असेल तर घाला तो.

त्या दिवशी छीतरमल वरच्या भागाला परांची बांधायला दोरी आणायला खाली गेला होता. माठावर गोणपाट टाकून गेला होता — डोळ्यांनी बघितलंय मी. सून म्हणते, उघडा टाकून गेला. उघडा नव्हता. मधी वाटी-चमचा घेऊन मांडी घालून बसलेली, इथं, फोनपुढं. तिच्या हनुवटीवर भात ओघळला नि झबल्यावर सांडला. फडकं विसरलं होतं खोलीत. आता पोरीला उचलून फाटक उघडायचं, फडकं घ्यायचं, परत बसवायचं — एकदा उठवली की ती परत बसत नाही. म्हणून मी —

थांबा, घोट घेतो.

म्हणून मी तुम्हाला म्हणालो. 'व्याही, जरा बघा पोरीकडं, फडकं आणतो.' तुम्ही म्हणालासा, 'या, या, मी बघतोय.' म्हणालासा ना? फोनात बसलेला माणूस पोर काय धरणार, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. नाही आलं. घरात दुसरं मोठं माणूस असल्यासारखं वाटलं. मी खोलीत गेलो. आणि माझ्या ह्या कानासाठी त्या फोनचा आवाज कायम चढवलेला असतो, व्याही. सगळ्या घरात ऐकू येतो. मला तिकडं ऐकू आलं. तुम्ही हसत म्हणत होतासा — 'अगं, तू भरव ना भिंतीला! शाब्बास! तुझ्या हातानं भरव. आणि आता मधुवंती खाणार — आऽऽ कर.'

मला वाटलं, वाटीतला दहीभातच घेतेय. तुम्हालाही तेच वाटलं असेल. मी कुठं म्हणतो तुम्हाला माठ दिसत होता? फोनात दिसतं किती, एवढंसं. पण गोणपाट बाजूला झालं, चमचा गेला, भिंतीला एक घास लागला — तो बघा, अजून आहे, त्या कडेला, तिच्या उंचीवर वाळलेला डाग — आणि दुसरा घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला. मग ती जी किंचाळली. माग बंद पडला की कसं एकदम वाटतं, तसं झालं मला. सगळं थांबलं, नि तेवढंच ऐकू आलं.

मी आलो तर ओठ पांढरे, हात कोपरापर्यंत पांढरा, आणि तोच हात डोळ्याला चालला होता. धरला मी तो. भिंतीवर पाणी मारायची नळी पडली होती ती घेतली, तोंडात, ओठांवर, हातावर सोडली. थंडीचं पाणी. पोर माझ्या हातातनं निसटतेय, गुदमरतेय, मी तिचा जबडा दाबून तोंड उघडं धरलंय — आणि तेवढ्यात निशिगंधा जिन्यातनं आली. तिनं काय बघितलं? सासरा दोन वर्षांच्या पोरीला नळीनं बडवतोय. 'सोडा तिला! वेड लागलंय का तुम्हाला?' म्हणाली, नि हिसकावली. मी पडलो, इथं कोपरावर. ते जाऊ द्या. आईच आहे ती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, पाणी मारलं ते बरं केलं, डोळे वाचले, जीभ भाजलीय ती भरेल. त्याच्यानंतर तिनं रात्री — नाही, पहाटेच — माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, 'आबा, मी बोलायला नको होतं.' संपलं. तिचं माझं आता काही देणं उरलं नाही.

मंगेशनं छीतरमलला काढला. माठ उघडा टाकतो म्हणून. म्हातारा दुसऱ्या दिवशी परत आला, कामाला नव्हे — हातात डाळिंब होतं पोरीसाठी, बायकोनं दिलेलं. मंगेशनं बाहेरच्या फाटकावरनंच घालवला, नको ते बोलला. आणि मी? मी त्या खिडकीत उभा होतो, बघत. त्यानं मला बघितलं. 'बाबूजी' म्हणाला. मी पडदा — जुन्या चादरीचा पडदा आहे तो — मी तो ओढला.

हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. बोलता बोलता गेलं तोंडातनं.

आता विचाराल, का ओढला? ओढला, कारण तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं. माठ झाकलेला होता. भिंत दही खाते हे पोरीला ह्या म्हाताऱ्यानं, मीच, शिकवलं. आणि भरव म्हणून कुणी सांगितलं ते पण. निशिगंधाला आई नाही, तुम्हीच आहात. म्हटलं, तिनं सासऱ्यावर रागवलं तर चालतं, ते रागवण्यासाठीच असतात. बापावरनं मन उडालं तर तिनं जायचं कुठं? म्हणून गप्प बसलो. डॉक्टरनं विचारलं, तिथं कोण होतं? मी म्हणालो, मी होतो. एकटा.

आणि तुम्ही काय केलंसा? फोन कट केला. आणि मग त्या रात्री लेकीचा फोन लागेना म्हणून माझ्याच फोनवर तिला बोलावून म्हणालासा — विसरलासा वाटतं, त्या फोनचा आवाज चढवलेला असतो — 'अडाणी माणसाच्या हाती पोर दिलंच कसं तुम्ही? त्यांना गावाला पाठवा.' मी पलीकडं अंथरुणावर होतो. भिंत तर पाडलीय मधली. सगळं ऐकलं.

आता पोर चमचा बघितला की तोंड फिरवते. भिंतीकडं पाठ करून बसते. मला जवळ येऊ देत नाहीत. ती मला हाक मारते आतनं, आणि मी इथं खोक्यावर. जीभ भरली, पण घास घेत नाही कुणाच्या हातनं — दूध तेवढं पिते. तुमच्या हातनं घेते का बघा. सकाळी प्रयत्न केलासा ना? नाही घेतला. मला आत येऊ द्या, मी बघतो. पण त्याच्या आधी तुमच्या लेकीला कळलं पाहिजे काय झालं ते. निम्मं माझं मी सांगेन, निम्मं तुमचं तुम्ही सांगा.

उठा. चहा गार झालाय, ठेवा तो. पेटीला हात लावू नका, ती जिथं आहे तिथं असू द्या. छीतरमलकडं मी जाणार आहे उद्या, स्कूटरवर मंगेशच्या मागं बसून. मंगेशला त्याच्यापुढं हात जोडायला लावणार आणि आधी माझे जोडणार. वरची निम्मी भिंत त्यानंच पुरी करायची. सुनेचं माफी मागणं झालं, पोराचं उद्या होईल. माझी माफी मागायची राहिली आहे ती आता एकाच माणसानं.

दिनकररावांनी.