रडण्याची साक्ष

(तेराव्या शतकातलं इंग्लंड. थॉर्नहोल्टची गढी. जहागीरदारीण हाविस आणि तिचं बाळ, दोघांनाही मूठमाती देऊन आठवडा झाला आहे. हाविसची धाकटी बहीण इडोनिया हाविसच्या नवऱ्यासमोर, वॉल्टरसमोर, उभी आहे.)

इडोनिया : आणि हे दोघं उद्या न्यायसभेत बायबलवर हात ठेवून सांगणार, बाळाचं रडणं ऐकलं म्हणून? तुमचा ससाणे पाळणारा आणि तुमचाच मोतद्दार?

वॉल्टर : कायदा मी केलेला नाही. मूल जिवंत जन्मलं आणि भिंतीपलीकडे पुरुषाच्या कानावर त्याचं रडणं पडलं, की बायको गेली तरी तिची जमीन नवऱ्याकडे राहते. तहहयात.

इडोनिया : आणि नाही पडलं तर तिच्या बहिणीकडे येते. मलाही पाठ आहे, भाऊजी. रोजर पणजोबा समुद्र ओलांडून आले, रक्त सांडलं, तेव्हा ही जहागीर मिळाली. आजीची आईला, आईची ताईला. तुम्ही आलात ते उसन्या घोड्यावरून. आता आयत्या बिळावर नागोबा.

वॉल्टर : तोंड सांभाळ. तुला काय वाऱ्यावर सोडतोय? मठात सोय केलीय तुझी.

इडोनिया : माझ्याच घरातून मला काढून माझी सोय. उपकार झाले. अहो, बाळ माझ्या हातात होतं. पाठ चोळली, फुंकर घातली, पाय धरून उलटं केलं. टुकुटुकु बघत होतं माझ्याकडे. पण हूं नाही की चूं नाही. सुईणीला विचारा.

वॉल्टर : बाईची साक्ष चालत नाही.

इडोनिया : आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुष चालत नाही. म्हणजे जिनं पाहिलं तिनं गप्प बसायचं आणि भिंतीबाहेरच्यांनी शपथा घ्यायच्या.

वॉल्टर : खोट्या नाहीत त्या शपथा. मीही होतो दाराशी. 'रडला गं ताई, ऐकलंस ना, चांगला खणखणीत रडला.' कुणाचा आवाज होता तो? बोल ना आता.

इडोनिया : माझा.

वॉल्टर : मग झालं तर.

इडोनिया : काय झालं? ताईच्या अंगातलं रक्त चाललं होतं. डोळ्यांना दिसेना. एकच घोकत होती, रडला का, रडला का. काय सांगायला हवं होतं मी तिला?

वॉल्टर : ते मला विचारू नकोस. आम्ही ऐकलं ते ऐकलं.

इडोनिया : रडणं कुठे ऐकलंत? माझं बोलणं ऐकलंत.

वॉल्टर : न्यायसभेत एवढं खोलात कोण जातंय?

इडोनिया : बाईचं खरं चालत नाही म्हणता, मग माझं खोटं बरं चाललं तुम्हाला.

वॉल्टर : त्या वेळी गप्प बसली असतीस तर थॉर्नहोल्ट तुझं होतं. एवढंही कळलं नाही तुला?

इडोनिया : कळत होतं. तुम्ही दाराला कान लावून उभे आहात, हेही कळत होतं. पण विचारणारी ताई होती, भाऊजी.