अंकलचं तळं आणि आमचा फ्लॅट

आता माझं पोट बघून हसताय, पण सिंगापूरला पोस्टडॉक करायला गेलो तेव्हा मी अगदी काडी होतो. रविवारी एका खासगी तळ्यावर गळ टाकून बसायचो. तळ्याचे मालक एक म्हातारे चिनी गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणायचे; बोलताना ते वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडायचे. गळाला बास जातीचे मासे लागायचे, पण सगळे वीतभर. "मोठा हो रे बाबा," म्हणत मी प्रत्येकाला मायेने परत पाण्यात सोडायचो.

एक दिवस अंकल भडकलेच. "सोडतोस कशाला?"

"अंकल, पिल्लू आहे."

"पिल्लू नाही लाह! चार वर्षांचा आहे तो. तळ्यात गर्दी झालीय, खायला पुरत नाही, म्हणून खुरटलाय. यातले काढले तरच बाकीचे वाढतील. घरी ने आणि खा!"

त्यांनी स्वतःच माझ्या पिशवीत दहा मासे भरले. मग मला आपादमस्तक न्याहाळत विचारलं, "फ्लॅटमध्ये किती जण राहता?"

"सहा."

त्यांनी पिशवीत आणखी दहा टाकले.

पुढे दोन वर्षं दर रविवारी ती पिशवी भरूनच घरी आली. तेव्हा या पोटाला हसायचं काम नाही. अंकलची कृपा आहे ती.