दोरीला शून्य

बसच्या रांगेत एका गवंड्याच्या पुढे गणिताच्या बाई आणि वर्कशॉपचे मास्तर उभे होते, शिक्षकांच्या बांधकाम-प्रशिक्षणातून थेट आलेले. बाईंचे हात चुन्यानं पांढरे झाले होते. गवंडी गुपचूप ऐकत होता.

"बाई, किती मनाला लावून घ्याल? पाया पहिल्यांदाच आखलात."

"बावीस वर्षं काटकोन शिकवतेय, मास्तर. आणि आज भिंत वीतभर वाकडी आखली."

"कंपासपेटीतल्या गुण्यानं वीस फुटांची भिंत! दोरीवर तीन, चार, पाच फूट मोजायचे आणि त्रिकोण ताणायचा. कोपरा काटकोनात बसतो."

"हेच तिनं पेपरात लिहिलं होतं. दोरीचं चित्र काढून."

"कुणी?"

"तुमच्याकडे गवंडीकाम शिकणारी ती ठेंगणी मुलगी. सिद्धता कुठाय म्हणून मी शून्य दिलं."

"त्या शून्यानंच नापास झाली. शाळा सोडून बसलीय."

"फेरपरीक्षेचा फॉर्म आज पाचपर्यंतच भरता येतो."

"तिची आई तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"मग रस्त्यावरून ओरडून सांगेन, चूक माझी होती म्हणून."

बस आली. बाई ती सोडून रांगेतून बाहेर पडल्या. गवंड्यानं अंग चोरून वाट दिली.

"अहो बाई, घर तरी माहीत आहे का तिचं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग थांबा, मीही येतो. शून्य मिळालेलं ते चित्र तिनं मला दाखवलं होतं, तरी मीही गप्पच बसलो."