मालकाचा वॉर्ड आणि माझा खोकला

...आणि वर मलाच सांगतात, 'चार शब्द बोला, पण खोकला जरा आवरा!' अहो, खोकला आवरला असता तर मला वॉर्डात कशाला घातलं असतं? थांबा, मेव्हणा फोनवर बोलायला बाहेर गेलाय, तोवर भराभर सांगून टाकतो. तुम्हाला सांगतो, आमचा मालक माणूस चांगला आहे हो... तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो, छातीलाही जरा बरं वाटलं असतं.

आमचा कारखाना दगडाचा. दगड कापायचे, फरश्या घासायच्या, चकाचक करायच्या. मी एकोणीस वर्षं घासायच्या मशीनवर. धूळ एवढी की शेजारचा माणूस आवाजावरून ओळखायचा! धूळ ओढून घ्यायला मोठा पंखा होता... म्हणजे नावाला होता, तीन वर्षं बंदच. मग मालकाला दिसत कसं नाही, असंच विचारणार ना? तेच सांगतोय. मालकाची गाडी फाटकात शिरली की आमचा फोरमन दोनदा शिट्टी मारतो. शिट्टी झाली की मशीनं बंद, जमिनीवर पाणी, तोंडावरचे रुमाल खिशात! मालक आत येतो तोवर धूळ खाली बसलेली. येतो आणि म्हणतो, 'वा, काय स्वच्छता आहे!' एकोणीस वर्षांत त्या माणसानं धूळ पाहिलेली नाही. 'माल वाढवा' एवढं मात्र न चुकता सांगतो, आणि वाढीव माल निघतो कसा हे बघायला कधी न सांगता आलेला नाही. बरं, हा शिट्टीवाला फोरमन कोण? माझा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आता मी बोलू कुणाला?

मग आम्ही सहा जण एकापाठोपाठ खोकायला लागलो. मालक हळहळला, अगदी मनापासून हळहळला, आणि त्यानं दवाखान्याला छातीच्या आजारांचा अख्खा वॉर्ड बांधून दिला. नव्या खाटा, श्वासाचं यंत्र, दाराशी त्याच्या आईच्या नावाची दगडी पाटी. ती पाटी घासली कुणी? मीच! दोन दिवस घासत होतो, आणि तिची सगळी धूळ माझ्या... जाऊ दे.

बायको म्हणाली, तेवढा पंखा दुरुस्त केला असता तर वॉर्ड लागलाच नसता. आता हिला कोण समजावणार? पंख्याला कुणी फीत लावतं का? पंख्याशेजारी उभं राहून कुणी फोटो काढतं का? माणूस चांगला आहे हो, पण चांगुलपणालाही कुठेतरी उभं राहून दिसावं लागतं.

उद्घाटनाला पहिला पेशंट मी. एका कानाशी मेव्हणा, 'दाजी, धुळीचं काढलंत तर आधी शिट्टीचं निघेल, माझी नोकरी गेली तर ताई तुम्हाला घरात घेणार नाही.' दुसऱ्या कानाशी डॉक्टरीणबाई, खरं ते सांगा म्हणून, अजून वीस माणसं तिथे काम करतात म्हणून. मधे मी! फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मालक सरळ माझ्या खाटेवर येऊन बसला. माझा हात हातात घेतला. मऊ हात हो... आणि हळूच म्हणाला, "खरं सांगा, हे कशानं झालं? मला कळलंच पाहिजे."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं! मेव्हणा पांढराफटक. शब्द अगदी जिभेवर आला होता, देवाशपथ आला होता... आणि तोंडातून निघालं काय? "सिगरेट, साहेब."

आयुष्यात एक ओढलेली नाही! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. भावाची नोकरी वाचली तरी बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्या मशीनवर आता नवा माणूस लागलाय, नुकतंच लग्न झालंय त्याचं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही, लाज वाटते. आणि मालक? त्याचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे उठून त्यानं जाहीर केलं, सिगरेट सोडवायचं केंद्र काढणार, कारखान्यातच, सगळ्या गावासाठी मोफत! आता जागा कुठली द्यायची? मेव्हण्यानंच सुचवलं, पंख्याची खोली तशी पडूनच आहे. पंखा गेला भंगारात. माणूस चांगला आहे हो, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन भिंतींचा रंग निवडून गेला.

तर मंडळी, तुम्ही बसलाय ती हीच खोली, आणि केंद्राचा पहिला सभासद मी. वॉर्डातून मला घरी धाडलंय, आणि नियम असा झालाय की सिगरेट सुटल्याचा इथला कागद दाखवल्याशिवाय मला वॉर्डात परत खाट नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, खाटेशिवाय हिवाळा निघायचा नाही. आणि इथले साहेब म्हणतात, रोज किती ओढत होता ते लिहा, मग एकेक कमी करू. काय लिहू? शून्यातून कमी काय करणार?

म्हणून म्हटलं, तुम्ही सगळे जाणकार बसलाय... सोडायच्या आधी धरावी लागणार, तर तुमच्यापैकी कुणाच्या खिशात एखादी असेल का हो?