ग्वोसा टेकडीबद्दल दोन शब्द

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या नगरपालिकेच्या प्रमुख गुनिला नेस्लुंडबाई. या समारंभासाठी दक्षिणेकडून खास विमानानं आलेले वनकंपनीचे संचालक महोदय. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या भागाचे मावळते वनप्रमुख ऑस्तेन हेडमान साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या ब्रिट्टावहिनी. समोरची कार्यालयातली मंडळी, मागच्या रांगेतले यंत्रचालक, आणि केक कापला जाईल या आशेवर बसलेले बाकीचे सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला बोलावलं याचं मला नवल वाटलं. समारंभ समितीच्या चिटणीसबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "बिरेतबाई, रेनडिअरवाल्या सामी लोकांपैकी कुणीतरी बोललं पाहिजे हो, नाहीतर बरं दिसत नाही. पाचच मिनिटं. आणि तो तुमचा निळा-तांबडा पोशाख घालून या हं, फोटोत फार छान येतो." आता, तो पोशाख आम्ही लग्नात घालतो, बारशाला घालतो आणि मयतालाही घालतो. आज इथे यांपैकी नेमकं काय आहे हे मला ठरवता येईना, म्हणून कळपात वापरते त्याच कपड्यांत आले. बुटांना वास येत असेल तर पहिल्या रांगेनं सांभाळून घ्यावं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांचं इतकं कौतुक केलं, की मला वाटलं आता उरलं काय? संचालक महोदय म्हणाले, हेडमान साहेब इथे रुजू झाले तेव्हापेक्षा आज या भागात जास्त झाडं उभी आहेत. टाळ्याही पडल्या. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. बटाट्याच्या वाफ्यातही रोपं पुष्कळ असतात, पण तिथे कुणी जंगल बघायला जात नाही. साहेबांनी स्प्रूसचं जुनं सूचिपर्णी जंगल काढलं, मग जमिनीवर नांगर फिरवला, आणि वर अमेरिकेतून आणलेला पाईन रांगेत लावला. नांगर कशाला, असं आमच्या लोकांनी विचारलं, तर म्हणाले, मातीला मोकळी हवा लागते. त्या मातीवर पांढरं दगडफूल होतं. आमची जनावरं हिवाळाभर तेच खातात. ते पुन्हा तेवढं दाट व्हायला माणसाचं आयुष्य निघून जातं. पण हवा मात्र भरपूर लागली.

त्या पाईनच्या रांगांत कधी गेला आहात का तुम्ही? फांदीला फांदी अशी अडकलेली असते, की रेनडिअरची शिंगं आत शिरत नाहीत. आणि शिरून करायचं काय, खाली वाळलेल्या सुईपानांशिवाय काही नाही. पूर्वी आम्ही कुठेही शेकोटी पेटवली की लालसर शेपटीचा तो धीट पक्षी यायचाच, हातातलं चीज ओढून न्यायचा. माझ्या नातीला तो मी अजून दाखवू शकलेले नाही. त्याला घरट्यासाठी जुनं, अंधारं झाड लागतं. साहेबांच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तो आहे, तिथे दाखवला.

असो. आज गोड बोलायचा दिवस. हवामानाबद्दलही साहेब नेहमी गोडच बोलतात. जग तापतंय, म्हणून आपण वाढती झाडं लावायची, म्हणजे धूर शोषला जाईल, आणि म्हणून म्हातारी झाडं आधी तोडायची. हा हिशेब मला त्यांनी तीनदा समजावून सांगितला. तीनही वेळा मला तो कळला, आणि तीनही वेळा मला त्यांची कीव आली.

कारण जग तापतं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी जानेवारीत बर्फ पिठासारखा कोरडा असायचा. जनावर खुरानं तो बाजूला सारायचं आणि खालचं दगडफूल खायचं. आता जानेवारीत पाऊस पडतो. या मंगळवारी पडला, तुम्ही सगळ्यांनी पाहिला. गावात लोक खूश होते. रस्ते मोकळे झाले, पाहुण्यांचं विमान वेळेवर उतरलं. बुधवारी थंडी परतली आणि तो सगळा पाऊस बर्फावरच गोठला. आज या घटकेला आमच्या हिवाळी कुरणावर काचेची लादी आहे. जनावर खूर आपटतं, तोंड घासतं, नाकातून रक्त येतं, तरी ती फुटत नाही. खाणं खाली दिसतं आणि मिळत नाही. गाभण माद्या सर्वांत आधी बसतात. एकदा बसलेली मादी मग उठत नाही.

अशा वेळी जगात एकच गोष्ट उपयोगी पडते. जुन्या स्प्रूसच्या फांद्यांवरून काळ्या दाढ्या लोंबतात, तेही एक दगडफूलच, झाडावरचं. जमीन बंद झाली की जनावरं त्या दाढ्यांवर तग धरतात. तरुण झाडाला दाढी येत नाही. हे माणसाचं तसंच झाडाचं, फक्त झाडाला शंभराहून जास्त वर्षं लागतात. आमच्या सगळ्या हिवाळी मुलखात अशी दाढीवाली झाडं आता एकाच ठिकाणी राहिली आहेत, ती म्हणजे ग्वोसा टेकडी. तिथे सोमवारी सकाळी यंत्रं चढणार आहेत. मागच्या रांगेत लासे बसला आहे, पहिलं यंत्र तोच चालवणार. लासे, मान खाली घालू नकोस, तुला कुणी काही म्हणत नाहीये. तुला जिथे पाठवतात तिथे तू जातोस. मी बोलतेय ते पाठवणाऱ्याबद्दल.

माझा भाऊ नीला आमच्या कळपसंघाचा प्रमुख आहे. तो इथे नाही. काल त्यानं कळप टेकडीच्या पायथ्याशी आणला आणि तो तिथेच थांबला आहे. सोमवारनंतर त्या जनावरांनी खायचं काय, हा एकच प्रश्न घेऊन मी इथे आले आहे. पाच मिनिटं झाली असतील तर अध्यक्षबाईंनी घंटी वाजवावी, मला राग येणार नाही. मी थांबणारही नाही.

आता व्यासपीठामागचं हे भलंमोठं छायाचित्र पाहा. कापून पाडलेला स्प्रूस, त्याभोवती गोळा झालेली आमची जनावरं, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'वृक्षतोड आणि रेनडिअर, हातात हात'. सुंदर आहे. हे कुठलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी असाच पाऊस गोठला होता. दाढ्या उंचावर होत्या, जनावरांची तोंडं पोहोचत नव्हती. तेव्हा आमच्या बापजाद्यांनी केलं तेच आम्ही केलं. दाट जागेतलं एखादं झाड निवडायचं, पाडायचं, आणि कळपाला त्यावर सोडायचं. करवतीचा आवाज आला की जनावरं धावत येतात, त्यांना ठाऊक असतं की आता जेवण खाली येणार. साहेब त्या दिवशी बर्फावरच्या स्कूटरवरून तिथे आले. त्यांनी करवत ऐकली, धावत येणारा कळप पाहिला, आणि आपल्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बघ, आणि हे लोक तक्रार करतात. यांच्या जनावरांना तर तोड आवडते."

नीला तिथेच उभा होता. म्हणाला, "साहेब, ती भुकेली आहेत."

साहेब म्हणाले, "तेच तर. आणि आम्ही त्यांना खायला घालतो."

आमच्या हातातली करवत त्यांना 'आम्ही' वाटली. फोटो काढला, मोठा केला, आणि आज त्याच्याखाली बसून सत्कार घेतायत. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं संचालक महोदय मघाशी म्हणाले. मीही तीच आशा बाळगून आहे.

ब्रिट्टावहिनी, तुम्ही रागावू नका. तुमच्या दालचिनीच्या पावाबद्दल मला आदर आहे.

तर ग्वोसा टेकडी. गेल्या शरदात साहेबांनी आम्हाला चर्चेला बोलावलं. कायद्यानं बोलावावं लागतं, म्हणून बोलावतात. नीला, मी आणि ते. कॉफी होती. आमच्या घरी सुकवलेलं मांस आणि चीज कॉफीत टाकून पितात, तसं मी सोबत नेलं होतं. साहेबांनी कपाकडे असं पाहिलं, की जणू आम्ही त्यात बूट बुडवला आहे. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ग्वोसा टेकडी या हिवाळ्यात काढायची म्हणतोय. काही हरकत?"

आमच्यात एक रीत आहे. समोरचा माणूस काही अभद्र बोलून गेला, तर आपण त्याला तोंडावर तोडत नाही. गप्प राहतो. खिडकीबाहेर बघतो, कॉफी पितो. त्या शांततेत त्याला आपलं बोलणं स्वतःलाच ऐकू येतं, आणि लाज वाचवून ते मागे घ्यायला वेळ मिळतो. शहाण्या माणसाला एक घोट पुरतो. नीलानं साहेबांना आख्खा कप दिला. साहेब म्हणाले, "ठीक आहे मग," आणि नकाशाची गुंडाळी केली.

गाडीत बसल्यावर नीला मला म्हणाला, "माणूस वाईट नाही गं. लाजला. विषयच सोडून दिला त्यानं."

माझा भाऊ म्हातारा आहे, भोळा नाही. पण एखाद्या माणसाला लाजच नसेल, हे त्याच्या डोक्यात कसं येणार? महिन्याभरानं तो टेकडीवर गेला, तर झाडांना लाल पट्ट्या बांधलेल्या. तोडीच्या सीमेच्या. तो घरी आला आणि जेवला नाही. कळपसंघातली पोरं विचारायची, "काका, तुम्ही मीटिंगमध्ये काय बोललात?" तो काय सांगणार? लोकांसमोर जायचं त्यानं तेव्हापासून टाकलं. आमच्या रीतीनं वागल्याची त्याला आमच्यातच शरम वाटायला लागली, आणि त्याबद्दल मी या साहेबांना कधीही क्षमा करणार नाही. हे मी शांतपणे सांगते आहे.

मी त्यांच्या कार्यालयात गेले. हे साहेब मला म्हणाले, तुम्ही सगळे नीट ऐका, म्हणाले, "बिरेतबाई, मी विचारलं होतं. तुमचा भाऊ गप्प बसला. जो गप्प बसला, त्याचा होकार. असाच धरतात. सगळीकडे."

मी म्हटलं, "आमच्यात उलटं असतं."

"तुमच्यात काय असतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण इथे असं चालतं."

सभागृहात कुजबुज झाली. झाली तर झाली. हेडमान साहेब, तुमच्या निवृत्तीला अजून आजची संध्याकाळ शिल्लक आहे. या भागात कुऱ्हाड चालायची की थांबायची, ते आज रात्रीपर्यंत तुमच्याच शब्दावर आहे. नवे साहेब उद्या येतील आणि तुम्ही जे ठेवून गेलात तेच पुढे नेतील. अध्यक्षबाईंनी आत्ताच तुमच्या हातात पितळी ताट दिलं, त्यावर 'जंगलाचा सखा' असं कोरलंय. वार्ताहर पहिल्या रांगेत आहेत. तुमची बायको शेजारी आहे. टेकडीच्या पायथ्याशी गाभण माद्या आहेत. म्हणून मी इथून, सगळ्यांच्या देखत, तुमच्याच शब्दांत विचारते.

ग्वोसा टेकडी राखायची म्हणतोय. काही हरकत?

मला घाई नाही. चिटणीसबाई, तो कॉफीचा कप इकडे द्या. धन्यवाद. साखर नको.

साहेबांकडे माईक आहे ना? आहे. चालू आहे का, बघा. चालू आहे.

संचालक महोदय, आपण त्यांच्या कानात काही सांगू नका. आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

ब्रिट्टावहिनी बघतायत. ते खिडकीबाहेर बघतायत. बाहेर काळोख आहे, दिसण्यासारखं काही नाही.

माझा कप संपला. तळाशी गाळ राहिला आहे, तो मी पीत नाही.

अध्यक्षबाई, आपण साक्षीला आहात. सभागृह साक्षीला आहे. साहेबांना विचारलं, साहेबांनी ऐकलं, आणि साहेब मूग गिळून बसले. इथे हे कशाला धरतात, ते मी नाही, त्यांनीच सांगितलं आहे. नीलाला मी आत्ता बाहेर जाऊन फोन करणार आहे. सोमवारी सकाळी आम्ही पट्ट्या सोडायला टेकडीवर चढू. लासे, तुझ्याकडे चाकू चांगला असतो. त्या दिवशी यंत्राला सुट्टी आहे, यायचं असेल तर ये. कॉफी आमच्याकडून.

समारंभ समितीनं मला बोलावलं, अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली नाही, आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर आडमुठी बाई म्हणून पोटात घाला. साहेबांना निवृत्तीच्या शुभेच्छा. त्यांना माझं काही खटकलं असेल, तर अजूनही माईक त्यांच्याच हातात आहे.

नाही? बरं. येते मी.